ग्रॅब-डीए२एम: ४७० चा सिग्नल चढतो तेव्हाच ४०५ चा का उतरतो?

तंतुमापन

नमस्कार. उंदराच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्समधलं डोपामीन फायबर फोटोमेट्रीने (मेंदूत बसवलेल्या प्रकाशतंतूतून सेन्सरची चमक टिपून) मोजतो आहे. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

मांडणी अशी. सेन्सर ग्रॅब-डीए२एम (डोपामीन चिकटलं की चमकणारं प्रथिन), एएव्ही९ या जनुकवाहक विषाणूमध्ये, न्यूरॉनमध्ये चालणाऱ्या सिनॅप्सिन प्रमोटरखाली. मिलीलिटरमागे ५ लाख कोटी जीनोम प्रती, त्यातले ३०० नॅनोलिटर. फायबर ४०० मायक्रॉनचा, एनए (किती तिरपा प्रकाश आत येतो त्याचं माप) ०.५०. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आठवड्यापासून रेकॉर्डिंग. ४७० नॅनोमीटरचा एलईडी मुख्य सिग्नलसाठी आणि ४०५ चा कंट्रोल म्हणून, दोन्ही वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर मॉड्युलेट केलेले (म्हणजे वेगवेगळ्या वेगाने लुकलुकणारे). प्रयोगात ध्वनी सुरू होतो आणि १ सेकंदाने साखरपाण्याचा थेंब येतो.

तीन गोष्टी उलगडत नाहीत.

पहिली: थेंब मिळाल्यावर ४७० सुमारे ३ टक्के चढतो आणि त्याच क्षणी ४०५ अर्धा-पाऊण टक्का उतरतो. कंट्रोल स्थिर राहायला हवा ना? की ही प्राण्याच्या हालचालीची गडबड आहे?

दुसरी: पहिली १५ मिनिटं दोन्ही चॅनेल घसरत राहतात. औषध दिल्यानंतरचा संथ बदल मोजायचा आहे, पण तो या घसरगुंडीतून वेगळा कसा काढायचा?

तिसरी: हा सिग्नल डोपामीनचाच आहे हे दाखवण्यासाठी कोणते कंट्रोल पुरेसे मानतात? हॅलोपेरिडॉल (डोपामीनचा डी२ रिसेप्टर अडवणारं औषध) देऊन बघितलं तर चालेल का?

---

वर्णपट

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे दोन त्यावर टेकलेले आहेत.

४०५ ला ‘आयसोस्बेस्टिक’ (जिथे सेन्सरची चमक बदलत नाही अशी तरंगलांबी) म्हणण्याची सवय जीकॅम्प या कॅल्शियम सेन्सरमुळे लागली. तिथे ती बरीचशी खरी आहे. पण आयसोस्बेस्टिक बिंदू त्या त्या सेन्सरचा गुणधर्म असतो, एलईडीचा नव्हे. ग्रॅब-डीएसारख्या सेन्सरांमध्ये रिसेप्टरच्या पोटात बसवलेल्या जीएफपीचा (हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचा) क्रोमोफोर, म्हणजे चमकणारा भाग, दोन रूपांत राहतो. प्रोटॉन धरून बसलेलं रूप ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, प्रोटॉन सोडलेलं रूप ४९० ते ५०० च्या आसपास. डोपामीन चिकटलं की तोल दुसऱ्या रूपाकडे झुकतो. म्हणून ४७० वर चमक वाढते आणि ४०५ वर कमी होते. मध्ये कुठेतरी डोपामीनसह आणि डोपामीनविना काढलेले चमकेचे वक्र एकमेकांना छेदतात, तोच खरा आयसोस्बेस्टिक बिंदू. ग्रॅब-डीए मालिकेत तो ४०५ पेक्षा लांब तरंगलांबीकडे आहे. तेव्हा ४०५ चं उतरणं ही बिघाडाची खूण नाही, तो सेन्सरचाच प्रतिसाद आहे, फक्त उलट्या चिन्हाचा.

हालचाल आणि हा उलटा प्रतिसाद यांतला फरक चिन्हावरून कळतो. फायबर वाकला, फेरूल (फायबरच्या टोकाची कडक नळी) हलला किंवा ऊती सरकली तर दोन्ही चॅनेल एकाच दिशेला जातात. रक्ताचं प्रमाण वाढलं तरी दोन्ही खाली जातात, कारण हिमोग्लोबिन ४०५ लाही शोषतं, ४७० लाही आणि बाहेर येणाऱ्या हिरव्या प्रकाशालाही. शोषणाचं प्रमाण मात्र सारखं नसतं. ४१५ ते ४३० च्या पट्ट्यात ते सर्वांत तीव्र असतं, म्हणून रक्तप्रवाहाचा ठसा ४०५ वर जास्त खोल उमटतो आणि वजाबाकीनंतर ४७० मध्ये खोटा उंचवटा उरू शकतो. तुमचे दोन्ही चॅनेल विरुद्ध दिशांना जात आहेत, म्हणजे थेंबाच्या क्षणी प्रामुख्याने डोपामीनच दिसतंय.

खरा धोका पुढे आहे. समजा ४७० मध्ये ५ टक्के वाढ आहे आणि ४०५ मध्ये १ टक्का घट. ४०५ ला ४७० वर रिग्रेशनने बसवलंत (ताणून-सरकवून जुळवलंत) आणि सत्रभराच्या ब्लीचिंगमुळे (प्रकाशाने चमक मंदावत गेल्यामुळे) उतार साधारण १ आला, तर बसवलेला कंट्रोल त्या क्षणी १ टक्का खाली जातो आणि वजाबाकीनंतर शिखर ६ टक्क्यांचं दिसतं. शिखर फुगलं. उलट, ब्लीचिंग आधीच काढून टाकून मग रिग्रेशन केलंत तर उतार ऋण येऊ शकतो आणि वजाबाकी खऱ्या शिखराचा लचका तोडते. त्याच डेटातून, त्याच घटनेतून दोन वेगळे आकडे निघतात. म्हणून रिग्रेशनचा उतार प्रत्येक सत्रासाठी छापून ठेवाच. तो ऋण असेल तर ती वजाबाकी वापरू नका.

उपाय दोन. ४१५ चा एलईडी लावला तर उलटा प्रतिसाद कमी होतो, पूर्ण जात नाही. दुसरा, मला जास्त पटणारा: त्याच जागी टीडीटोमॅटो (लाल प्रतिदीप्त प्रथिन) व्यक्त करायचा आणि ५६० नॅनोमीटरने उद्दीपित करून लाल चॅनेल हालचालीसाठी कंट्रोल म्हणून वापरायचा. डोपामीनशी त्याला देणंघेणं नाही. मर्यादा ध्यानात ठेवा: तो वेगळ्या गतीने ब्लीच होतो आणि ५४० ते ५८० मध्येही हिमोग्लोबिनचे शोषणपट्टे आहेत, त्यामुळे रक्ताचा ठसा त्यात वेगळ्या प्रमाणात येतो.

---

फेरूल

वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी एक मोजणी करा. ती न करता ४०५ बद्दल काहीही बोलणं घाईचं ठरेल.

उंदीर न जोडता पॅचकॉर्डचं (उपकरणापासून उंदरापर्यंत जाणाऱ्या फायबरचं) टोक काळ्या डबीत धरा, एलईडी नेहमीच्या तीव्रतेवर ठेवा आणि दोन्ही चॅनेलवर किती व्होल्ट येतात ते लिहून घ्या. टोक टेबलावर किंवा कागदाकडे रोखून धरू नका. पांढऱ्या कागदातली चकाकी देणारी द्रव्यं ४०५ खाली झगझगीत चमकतात आणि आकडा वाट्टेल तसा येतो. नंतर एलईडी बंद करून डिटेक्टरचा स्वतःचा ऑफसेटही नोंदवा. पहिल्या आकड्यातून हा वजा केला की उरते ती कॉर्डची आणि फिल्टरपेटीची अंगची चमक.

टक्के काढताना ही चमक भाजकात जाऊन बसते. डिटेक्टरवर एकूण १ व्होल्ट येतोय आणि त्यातला ०.६ कॉर्डचा आहे असं धरा. सेन्सरचा वाटा ०.४. तो ५ टक्के वाढला तर वाढ ०.०२ व्होल्ट, आणि एकूणाच्या तुलनेत ती २ टक्केच दिसते. दोन उंदरांना दोन वेगळ्या कॉर्ड लावल्या असतील तर त्यांच्यातला ‘फरक’ निव्वळ कॉर्डचा असू शकतो.

तुमची पहिल्या १५ मिनिटांची घसरण बहुधा इथूनच येते. कॉर्डही ब्लीच होते. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री कॉर्ड ४७० च्या एलईडीला पूर्ण तीव्रतेवर जोडून, टोक झाकून, रात्रभर तशीच ठेवा. ४०५ ही लावा, कारण कॉर्डची चमक त्या तरंगलांबीवर जास्त असते. काही दिवस पडून राहिली की चमक अंशतः परत येते, त्यामुळे हे एकदाच करून भागत नाही. कॅन्युलाच्या (उंदराच्या डोक्यात बसवलेल्या फायबरच्या) फेरूलमधला गोंदही चमकतो. त्याच खेपेतला एक न वापरलेला कॅन्युला कॉर्डला जोडून पुन्हा मोजा, म्हणजे त्याचा वाटा कळेल.

४७० ची शक्ती फायबरच्या टोकाशी २० ते ३० मायक्रोवॅट पुरते. पॉवरमीटरला कॉर्ड आणि सुटा कॅन्युला जोडूनच मोजा. कॉर्डच्या टोकाशी मोजलेला आकडा जास्त येतो, कारण जोडावर नुकसान होतं. ४०५ त्याहून कमी ठेवला तरी चालतो. शक्ती दुप्पट केली तर नॉइज थोडा सुधारतो, पण ब्लीचिंगची किंमत सत्रभर मोजावी लागते.

मॉड्युलेशनसाठी २११ आणि ५३१ हर्ट्झ ही जोडी पुष्कळ ठिकाणी वापरतात, कारण ती ५० किंवा ६० च्या पटीत नाही. वर्तनपेटीतले दिवे १०० किंवा १२० हर्ट्झला लुकलुकतात हे विसरू नका. जोडावरची सिरॅमिक बाही काळी किंवा काळ्या नळीने झाकलेली असू द्या, आणि दातांच्या सिमेंटमध्ये कार्बनची काळी पूड मिसळा. नाहीतर पेटीतल्या दिव्याची उघडझाप थेट सिग्नलमध्ये उतरते, आणि तीही नेमकी ध्वनीच्या वेळी.

दर वेळी जोडण्याआधी दोन्ही फेरूलची तोंडं धागे न सोडणाऱ्या पुसणीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. बाही सैल झाली असेल तर बदला. सैल बाहीत दोन फेरूलच्या मध्ये केसाएवढी फट पडते आणि ट्रेसमध्ये पायरीसारखी उडी दिसते, तीही दोन्ही चॅनेलमध्ये. रोटरी जॉइंट (उंदीर फिरला तरी कॉर्डला पीळ पडू न देणारा जोड) तपासायचा तर टोक प्रतिदीप्त प्लास्टिकच्या पट्टीवर घट्ट बसवा आणि जॉइंट हाताने सावकाश एक फेरा फिरवा. एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार दिसला तर तो जॉइंट गोल फिरणाऱ्या उंदरासाठी निरुपयोगी आहे.

---

सिनॅप्सकाठ

तिसऱ्या प्रश्नातल्या हॅलोपेरिडॉलबद्दल.

ग्रॅब-डीए हे सेन्सर मानवी डी२ रिसेप्टरवर बांधलेले आहेत. पेकिंग विद्यापीठातल्या युलाँग ली यांच्या गटाने पहिली पिढी २०१८ मध्ये आणि डीए२ ही पिढी २०२० मध्ये आणली. हॅलोपेरिडॉल किंवा एटिक्लोप्राइड दिलं की ते थेट सेन्सरच्याच खाचेत जाऊन बसतं. सिग्नल कोसळतो. यातून सिद्ध होतं ते एवढंच, की तुमचा सिग्नल त्या खाचेतून येत होता. कंट्रोल म्हणून हे उत्तम आहे. पण डोपामीन कमी सुटलं असा अर्थ यातून काढता येत नाही. प्रत्यक्षात डोपामीन सुटणं आवरणारा डी२ ऑटोरिसेप्टर अडवला गेल्यामुळे डोपामीन जास्त सुटत असतं आणि सेन्सर आंधळा झाल्यामुळे ते दिसत नाही. अँटिसायकोटिक औषधांचा अभ्यास हाच विषय असेल तर डी२वर बांधलेला सेन्सर घेऊच नका. तिथे डीलाइट घ्या. तेव्हा डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असलेल्या लिन तियान यांच्या गटाचा हा सेन्सर, २०१८ चाच, डी१वर बांधलेला आहे आणि तो एससीएच-२३३९० या डी१ अवरोधकाने बंद होतो.

दुसरी अडचण वर्तनाची. डी२ अवरोधकाने उंदीर जागच्या जागी थिजतो, थेंब चाटतच नाही. मग शिखर गेलं ते सेन्सर बंद झाला म्हणून की प्राणी प्यायलाच नाही म्हणून? हे सोडवायचं तर वर्तनावर न विसंबता डोपामीन सोडवा. व्हीटीए या मध्यमेंदूतल्या भागातल्या डोपामीन न्यूरॉनमध्ये क्रिमसनआर (लाल प्रकाशाने न्यूरॉन चेतवणारं प्रथिन) व्यक्त करा, तिथे वेगळा फायबर बसवून लाल प्रकाशाचे ठरावीक स्पंद द्या आणि अ‍ॅक्युम्बेन्समधलं शिखर औषधाआधी व औषधानंतर मोजा. एटिक्लोप्राइड किलोमागे १ मिलीग्रॅम पुरतं. क्रिमसनआर निळ्यालाही थोडा जागा होतो, आणि त्याचे तंतू तुमच्या मोजणीच्या फायबरखालीच आहेत. म्हणून तिथली ४७० ची शक्ती कमीत कमी ठेवा.

डीएटी (सुटलेलं डोपामीन परत आत घेणारं प्रथिन) अडवणारं जीबीआर-१२९०९, किलोमागे १० ते २० मिलीग्रॅम, दिल्यावर शिखराची शेपटी लांबायला हवी. लांबली नाही तर शंका घ्या.

सगळ्यांत भक्कम कंट्रोल मात्र वेगळ्या उंदरांतला: डोपामीन धरू न शकणारा उत्परिवर्तित सेन्सर. तोच प्रमोटर, तोच सिरोटाइप (विषाणूचा प्रकार), तेवढंच टायटर (विषाणूचं प्रमाण), तीच जागा, तेच वर्तन. त्यातही थेंबाच्या वेळी उंचवटा आला तर तो हालचालीचा किंवा रक्ताचा. साधा जीएफपी वापरला तरी हालचाल कळते, पण त्याची मूळ चमक सेन्सरपेक्षा फार जास्त असते, त्यामुळे कॉर्डच्या चमकेचं प्रमाण बदलतं आणि तुलना लंगडी पडते.

नॉरअ‍ॅड्रिनलीनकडेही लक्ष द्या. ग्रॅब-डीएची डोपामीनकडे ओढ नॉरअ‍ॅड्रिनलीनपेक्षा साधारण १० पट आहे, डीलाइटची बरीच जास्त. अ‍ॅक्युम्बेन्सच्या गाभ्यात हे खपून जातं. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, जिथे डोपामीन विरळ आणि नॉरअ‍ॅड्रिनलीन भरपूर, तिथे १० पट काहीच नाही.

ऊतकपरीक्षण शेवटी सगळ्यांचंच होतं, पण निकष आधीच लिहून ठेवा: फायबरचं टोक व्यक्त झालेल्या भागाच्या वर १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असावं. बाहेर गेलेला उंदीर त्याचा सिग्नल बघण्याआधीच बाद करा.

---

उताररेषा

विश्लेषणाबद्दल थोडं, आणि प्रयोगाच्या रचनेतली एक गोष्ट जी अजून कुणी काढली नाही.

डीए२एम डोपामीन सोडायला वेळ घेतो, टाइम कॉन्स्टंट (सिग्नल ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) सुमारे १.३ सेकंद. तुमचा ध्वनी आणि थेंब यांत १ सेकंदाचंच अंतर आहे. १ सेकंदानंतर ध्वनीच्या शिखराचा अजून ४६ टक्के भाग शिल्लक असतो आणि त्यावरच थेंबाचं शिखर चढतं. शिकत जाताना ध्वनीचा प्रतिसाद वाढला की थेंबाचाही वाढल्यासारखा दिसेल, प्रत्यक्षात तो कमी होत असला तरी. डोपामीनच्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न कळीचा असतो, त्यामुळे ही गफलत परवडणारी नाही. एकतर अंतर ४-५ सेकंद करा, नाहीतर डीलाइट१.१ किंवा १.२ घ्या. त्यांचा उतार सुमारे ०.१ सेकंदाचा आहे. किंमत म्हणजे ओढ कमी, म्हणजे अर्धा भरायला जास्त डोपामीन लागतं: डीए२एमला सुमारे ९० नॅनोमोलार, डीलाइट१.१ ला ३३० आणि १.२ ला ७७०. संथ आणि मंद बदल डीलाइटला कमी दिसतात. याच मालिकेतला जास्त ओढीचा डीए२एच तर ७ नॅनोमोलारवर अर्धा भरतो आणि उतरायला ७ सेकंदांहून जास्त घेतो, म्हणून अ‍ॅक्युम्बेन्समध्ये तो पटकन भरून जाण्याची भीती. डोपामीन विरळ असलेल्या भागांसाठी तो ठीक.

गणिताचा क्रम मी असा ठेवेन. फेरूल यांनी सांगितलेला ऑफसेट दोन्ही चॅनेलमधून आधी वजा करा. पहिली काही मिनिटं टाकून द्या. दोन्ही ट्रेस पुढे-मागे दोन्ही दिशांनी फिल्टर करा, म्हणजे शिखर वेळेत सरकत नाही. एकदिशा फिल्टरने शिखर उशिरा दिसतं. कंट्रोल बसवताना घटनांच्या आसपासच्या खिडक्या वगळून, टोकाच्या बिंदूंना कमी वजन देणारं रिग्रेशन वापरा. वर्णपट यांनी सांगितलेली फुगण्याची अडचण यानेही पूर्ण जात नाही, कारण उतार कुठूनही आला तरी थेंबाच्या क्षणी ४०५ खालीच असतो. तेव्हा कंट्रोल २ सेकंदांच्या मीडियनने गुळगुळीत करून नुसत्या संथ घसरणीसाठी वापरणं, आणि जिथे दोन्ही चॅनेल एकदम एका दिशेला उडतात त्या चाचण्या आधी ठरवलेल्या निकषाने वगळणं, हे जास्त प्रामाणिक. मग सिग्नल वजा कंट्रोल, भागिले कंट्रोल.

पायारेषेची खिडकी ध्वनीच्या आधी ५ ते २ सेकंद घ्या. सगळ्या सत्राच्या प्रमाण विचलनाने झेड-स्कोअर काढून गट तोलू नका. ज्या उंदरात शिखरं मोठी आणि जास्त, त्याचं विचलनही मोठं, त्यामुळे त्याचा आकडा आपोआप आखडतो. आणि नमुना म्हणजे उंदीर, चाचणी नव्हे. ६ उंदरांच्या ३०० चाचण्यांचा एन ३०० होत नाही. मिश्र मॉडेलमध्ये उंदीर हा रँडम घटक घाला.

औषधाच्या संथ परिणामासाठी घातांकी वक्र बसवून घसरण काढू नका, तो वक्र औषधाचा परिणामही गिळतो. त्याच उंदराचं, तेवढ्याच लांबीचं, नुसत्या द्रावकाचं सत्र घ्या आणि त्याच्याशी तुलना करा. प्रकाश सतत ठेवण्याऐवजी दर ५ मिनिटांनी ३० सेकंद लावला तर ब्लीचिंग दहापटीने कमी होतं आणि तासभराचा बदलही दिसतो.

---

तंतुमापन

सर्वांचे आभार. काळ्या डबीची मोजणी केली. डिटेक्टरचा ऑफसेट वगळून आकडे:

४७०: उंदरासह १.१० व्होल्ट, नुसती कॉर्ड ०.५०.
४०५: उंदरासह ०.८० व्होल्ट, नुसती कॉर्ड ०.५५.

रिग्रेशनचा उतार सगळ्या सत्रांत धन आहे. ४१५ चा एलईडी लगेच मागवावा का?

---

फेरूल

थांबा, हे आकडेच उत्तर देतात. ४०५ वर येणाऱ्या प्रकाशातला दोन-तृतीयांशाहून जास्त भाग कॉर्डचा आहे. मेंदूकडून फक्त ०.२५ व्होल्ट. म्हणजे तुमचा कंट्रोल मुख्यतः कॉर्डचं ब्लीचिंग दाखवतोय, आणि उतार धन येण्याचं बरंचसं कारण तेच. आता तुमचे टक्के पुन्हा काढा: ४७० वरची ३ टक्के वाढ म्हणजे ०.०३३ व्होल्ट, भागिले ०.६०, म्हणजे ५.५ टक्के. ४०५ वरची ०.६ टक्के घट म्हणजे जवळपास ०.००५ व्होल्ट, भागिले ०.२५, म्हणजे सुमारे २ टक्के. उलटा प्रतिसाद वाटला त्यापेक्षा बराच मोठा आहे.

आधी कॉर्ड रात्रभर ब्लीच करा आणि हेच चार आकडे पुन्हा घ्या. ४०५ वरचा कॉर्डचा वाटा ०.२ व्होल्टच्या खाली आला नाही तर कमी अंगचमकेची दुसरी कॉर्ड घ्या. घेताना तिचा एनए कॅन्युलाच्या एनएपेक्षा कमी नाही ना ते बघा. कमी असेल तर मेंदूकडून येणारा तिरपा प्रकाश जोडावरच सांडतो.

---

वर्णपट

एलईडीबद्दल: कॉर्ड सुधारल्यावर ४०५ ची घट १ टक्क्याच्या वर राहिली तर ४१५ घ्या, आणि घेताना पेटीतला डायक्रॉइक (रंगांनुसार प्रकाश वेगळा करणारा आरसा) आणि उद्दीपन फिल्टर ४१५ ला सोडतो की नाही ते तपासा. ४०५ साठी बनवलेले अरुंद फिल्टर ४१५ ला अडवतात, मग नवा एलईडी पूर्ण तीव्रतेवर असूनही टोकाशी ५ मायक्रोवॅटसुद्धा पोहोचत नाहीत. नवा एलईडी लावला की उत्परिवर्तित सेन्सरच्या उंदरांतही तोच वापरून रेकॉर्डिंग पुन्हा घ्यावं लागेल. जुन्या ४०५ च्या सत्रांशी त्यांची सरमिसळ करू नका.